हौशी चाकूनिर्मिती

हौशी चाकूनिर्मिती म्हणजे उपजीविकेचे मुख्य साधन म्हणून नव्हे, तर छंद म्हणून स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत हाताने चाकू तयार करण्याची कला होय. हा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकेत वाढला आणि पुढे युरोप, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इत्यादी प्रदेशांत पसरला. नोकरी-व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळात काम करणारे हे कारागीर स्वयंपाकघरातील सुऱ्या, शिकारीचे चाकू, लाकूडकामाची पाती आणि घडीचे चाकू बनवितात.

अपुरी असलेली, कार्यशाळेत चालू असलेली कामे एकमेकांना दाखविणे हे या छंदाचे एक ठळक वैशिष्ट्य आहे. चाकूचा खरा गुण त्याच्या पोलादावर झालेल्या उष्णता-संस्करणात असतो आणि ते तयार वस्तूकडे पाहून ओळखता येत नाही. त्यामुळे काम कोणत्या क्रमाने व कसे झाले, कोठे बिघडले, याचा तपशील उघड केल्याखेरीज ही विद्या एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जात नाही.

## स्वरूप

चाकू बनविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत बाजारात मिळणारी पोलादाची सपाट पट्टी घेऊन तिच्यातून पात्याचा आकार कापतात आणि नको असलेला भाग कानशीने किंवा फिरत्या पट्ट्याच्या ग्राइंडरवर घासून काढून टाकतात. या पद्धतीला धातू वजा करण्याची पद्धत म्हणता येईल. दुसऱ्या पद्धतीत पोलाद भट्टीत तापवून ऐरणीवर हातोड्याने ठोकून आकाराला आणतात. ही लोहाराची घडाईची पद्धत होय. घडाईनंतरही शेवटचा आकार घासूनच द्यावा लागतो, त्यामुळे दोन्ही वाटा पुढे एकत्र येतात.

पहिल्या पद्धतीला साधने कमी लागतात. करवत, कानस, ड्रिल, शेगडा आणि सँडपेपर एवढ्या सामग्रीवर पहिला चाकू तयार होऊ शकतो. त्यामुळे बहुतेक नवशिके याच वाटेने सुरुवात करतात.

## इतिहास

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाताने चाकू बनविणारे कारागीर मोजके होते आणि ते बहुधा एकेकटे काम करीत. मिशिगन राज्यातील विल्यम स्केगल हे त्यांपैकी एक प्रमुख नाव. १९३७ साली मिशिगनमध्येच एक मनुष्य स्केगल यांनी बनविलेल्या चाकूने नावेचा रंग खरवडताना फ्लोरिडातील बो रँडल यांना दिसला. एवढे जड काम करूनही त्या पात्याची धार टिकली होती. त्यावरून प्रेरणा घेऊन रँडल यांनी छंद म्हणून चाकू बनविण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांकडून मागणी येऊ लागली आणि त्या छंदाचा व्यवसाय झाला.

रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) हे १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात व्यापारी जहाजावर नोकरीस होते. रँडल यांचा चाकू विकत घेण्यासाठी ते न्यूयॉर्कमधील दुकानात गेले, तेव्हा त्यासाठी कित्येक महिने थांबावे लागेल असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी भंगारातील जुन्या मोटारीच्या स्प्रिंगपासून स्वतःच चाकू तयार केला. पुढे ते धातू वजा करण्याच्या पद्धतीचे सर्वांत प्रभावी कारागीर ठरले. टोक किंचित खाली उतरलेला त्यांचा शिकारीचा चाकू आजही असंख्य हौशी कारागीर नमुना म्हणून समोर ठेवतात. रिचर्ड बार्नी यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘हाऊ टू मेक नाइव्ह्ज’ हे पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले. नामवंत कारागिराने आपली कार्यपद्धती पायरीपायरीने छापून देणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१९७० साली ‘नाइफमेकर्स गिल्ड’ ही संघटना स्थापन झाली. १९७३ साली तिच्या प्रदर्शनात मेरीलँडमधील विल्यम मोरन (१९२५–२००६) यांनी थरांच्या पोलादाचे, म्हणजे आज ज्याला सर्रास ‘दमास्कस’ म्हणतात त्या पोलादाचे चाकू मांडले. ते कसे बनविले याची माहिती देणारी पुस्तिकाही त्यांनी विनामूल्य दिली. मोरन यांच्या पुढाकाराने १९७६ साली ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापन झाली. घडाईची कला जिवंत ठेवणे आणि ती शिकविणे हा तिचा हेतू होता. तिची शाळा आर्कान्सा राज्यातील वॉशिंग्टन या ऐतिहासिक गावी सुरू झाली. २०१५ पासून ‘फोर्ज्ड इन फायर’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेमुळे या छंदाकडे नवा वर्ग वळला.

## पोलादाची निवड

पोलादात कार्बनचे प्रमाण साधारणपणे ०.६ टक्क्यांहून अधिक असल्यास त्याची चांगली धार टिकविणारी पाती होतात. नवशिक्यांना बहुधा ‘१०८४’ हे पोलाद सुचविले जाते. त्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन व थोडे मँगॅनीज असते आणि साध्या साधनांनीही त्याचे उष्णता-संस्करण समाधानकारक होते. ‘१०९५’ या पोलादात कार्बन थोडा अधिक असतो, पण ते फार झपाट्याने थंड करावे लागते. चेंडूच्या बेअरिंगसाठी वापरले जाणारे ‘५२१००’ आणि वाहनांच्या स्प्रिंगचे ‘५१६०’ ही पोलादेही लोकप्रिय आहेत.

गंजरोधक पोलादांना सुमारे १,०५० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक आणि नेमके नियंत्रित तापमान लागते. विजेची नियंत्रित भट्टी नसलेले हौशी कारागीर अशी पाती संस्करणासाठी व्यावसायिकांकडे पाठवितात. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी खास चाकूंसाठी योजलेले ‘मॅग्नाकट’ हे गंजरोधक पोलाद २०२१ साली बाजारात आले. त्यांचे ‘नाइफ इंजिनिअरिंग’ (२०२०) हे पुस्तक या छंदातील अनेक समजुती प्रयोगांनी तपासून पाहते.

भंगारातील पोलाद स्वस्त असते, पण त्याची घटकरचना ठाऊक नसते. अशा पोलादाचा तुकडा आधी कडक करून, मोडून पाहण्याची शिफारस अनुभवी कारागीर करतात.

## निर्मितीचे टप्पे

प्रथम कागदावर किंवा पुठ्ठ्यावर चाकूचा पूर्ण आकाराचा आराखडा काढतात. तो हातात धरून पाहिल्यास मूठ आखूड आहे की लांब, हे पोलाद कापण्यापूर्वीच कळते. नंतर तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर आकार उतरवून कापतात आणि मुठीच्या पिनांसाठी भोके पाडतात. पोलाद एकदा कडक झाले की साध्या ड्रिलने भोक पडत नाही, म्हणून हे काम आधीच उरकावे लागते.

यानंतर पात्याच्या दोन्ही अंगांना उतार देतात. धारेच्या जागी या वेळी अर्धा ते एक मिलिमीटर जाडी राखून ठेवतात. धार आधीच बारीक केली, तर थंड करताना ती वाकते किंवा तडकते. दोन्ही उतार मुठीजवळ एकाच रेषेत थांबले पाहिजेत, आणि ही सममिती साधणे नवशिक्यांना सर्वांत अवघड जाते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग जेथे सुरू होतो तेथे काटकोनी खाच ठेवीत नाहीत. अशा खाचेत ताण साठतो आणि चाकू पुढे नेमका तेथेच मोडतो. त्या जागी गोलाई देतात.

उष्णता-संस्करणानंतर पाते घासून पूर्ण करतात. १२०, २२०, ४००, ६०० अशा चढत्या क्रमांकांच्या सँडपेपरने हाताने घासणे हे सर्वांत वेळखाऊ काम असते. आधीच्या क्रमांकाचा एकही ओरखडा मागे राहिला, तर तो शेवटच्या चकाकीत उठून दिसतो. मग लाकूड, शिंग, हाड किंवा कृत्रिम थरांच्या पदार्थाची मूठ एपॉक्सी व पिनांनी बसवितात आणि अखेरीस धार लावतात. चामड्याचे म्यानही अनेक कारागीर स्वतःच शिवतात.

## उष्णता-संस्करण

पात्याला कठिनता आणि चिवटपणा हे दोन्ही गुण हवे असतात आणि ते परस्परविरोधी असतात. कठीण पाते धार टिकविते पण ठिसूळ असते. मऊ पाते मोडत नाही पण लवकर बोथट होते. या दोहोंचा मेळ उष्णता-संस्करणाने घातला जातो.

‘१०८४’ पोलादाचे उदाहरण घेतल्यास, ते सुमारे ८१५ अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. पोलाद सुमारे ७७० अंशांवर लोहचुंबकाला चिकटेनासे होते. भट्टीत तापमापक नसलेला कारागीर लोहचुंबकाने ही खूण पाहतो आणि मग थोडे अधिक तापवितो. त्यानंतर पाते सुमारे ५० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात बुडवितात. काही सेकंदांतच पोलादाची अंतर्गत रचना बदलते आणि ते काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. कानस फिरविली असता ती न चावता घसरते, ही प्रक्रिया साधल्याची प्राथमिक खूण मानतात. लगेच ते पाते सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास असे दोनदा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. या दुसऱ्या क्रियेसाठी घरगुती ओव्हनही चालतो.

पोलाद गरजेपेक्षा अधिक तापले तर त्याचे अंतर्गत कण मोठे होतात. असे पाते वरून निर्दोष दिसते, त्याला धारही लागते, पण आघाताने ते सहज मोडते. हा दोष फक्त मोडलेल्या तोंडाशी दिसतो. योग्य संस्करण झालेल्या पोलादाचा भंग राखाडी मखमलीसारखा मऊसर दिसतो, तर अति तापलेल्या पोलादाचा भंग साखरेच्या दाण्यांसारखा चमकतो. म्हणूनच त्याच पट्टीचा एक तुकडा सोबत तापवून, थंड करून, मोडून पाहण्याची रीत आहे.

## चालू कामे दाखविण्याची प्रथा

हौशी कारागीर एकत्र आले की ‘सध्या हाती काय आहे’ हा पहिला प्रश्न असतो. घडाईचे प्रात्यक्षिक करण्यासाठी भरणारे मेळावे, अटलांटा येथील ‘ब्लेड शो’सारखी वार्षिक प्रदर्शने, १९७३ पासून निघणारे, मूळ ‘अमेरिकन ब्लेड’ या नावाचे नियतकालिक आणि प्रत्यक्ष कार्यशाळांच्या भेटी ही या देवाणघेवाणीची ठिकाणे होत.

काम दाखविताना ठरावीक तपशील देण्याची पद्धत रूढ झाली आहे: पोलाद कोणते, पट्टीची जाडी किती, पात्याची लांबी किती, उतार सपाट आहे की पोकळ, पाते कडक झाले आहे की नाही, मुठीसाठी काय योजले आहे आणि अडचण कोणती. यांपैकी पाते कडक झाले आहे की नाही, हा तपशील सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण सल्ल्याचा उपयोग किती होईल हे त्यावर अवलंबून असते. पोलाद मऊ असेपर्यंत उताराची रेषा कानशीने सरळ करता येते, काटकोनी खाच गोल करता येते, भोकाची जागा बदलता येते. कडक झाल्यावर केवळ ग्राइंडर किंवा सँडपेपर चालतो, आणि तेथेही पाते तापू न देता वारंवार पाण्यात बुडवावे लागते. मूठ चिकटविल्यानंतर तर बहुतेक चुका कायमच्या होतात. त्यामुळे पूर्ण झालेल्या चाकूची प्रशंसा होऊ शकते, पण त्यात दुरुस्ती सुचविण्यास फारसा वाव उरत नाही.

बिघडलेली कामे दाखविण्यालाही या परंपरेत स्थान आहे. तेलात बुडविताना वाकलेले पाते, पाण्यात थंड करताना बारीक आवाज होऊन तडकलेले पाते, सांध्यात पोकळी राहिलेले थरांचे पोलाद, अशा नमुन्यांवरून कारणाचा शोध घेता येतो. वाकलेले पाते बहुधा दोन्ही अंगांनी असमान घासलेले असते. थर सुटण्यामागे पृष्ठभागावरील मळ किंवा अपुरी उष्णता असते.

थरांचे पोलाद हा अशा चर्चांचा आवडता विषय आहे. ‘१०८४’ आणि सुमारे दोन टक्के निकेल असलेले ‘१५एन२०’ या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक रचून, टाकणखार घालून, तापवून व ठोकून एकजीव करतात. सात थरांची चळत तीन वेळा कापून एकमेकींवर ठेवली असता ५६ थर होतात. तयार पाते फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडविले की निकेलचे थर उजळ राहतात, बाकीचे काळवंडतात आणि नक्षी उमटते. ही नक्षी पात्याची धार वाढवीत नाही. धार व टिकाऊपणा संस्करणावरच अवलंबून असतात.

## कसोट्या

‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ने प्रमाणित कारागिराच्या पहिल्या श्रेणीसाठी ठेवलेली परीक्षा प्रसिद्ध आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या चाकूने सुमारे एक इंच जाडीचा, एका टोकाला मोकळा लोंबकळणारा दोर एका घावात तोडावा लागतो. त्यानंतर इमारती लाकडाचे जाड दांडके दोनदा पूर्ण छेदावे लागते. एवढे करूनही त्या पात्याने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पाते पकडीत धरून ९० अंश वाकवितात. ते मोडून दोन तुकडे होता कामा नये. या परीक्षेत चांगले पाते मुद्दाम नष्ट केले जाते, कारण कठिनता आणि चिवटपणा एकत्र साधल्याचा पुरावा अन्य मार्गाने मिळत नाही. पुढच्या, म्हणजे ‘मास्टर’ श्रेणीसाठी हीच परीक्षा किमान ३०० थरांच्या पोलादाच्या पात्याने द्यावी लागते.

## भारताशी संबंध

या छंदातील एक मोठे कुतूहल भारतीय पोलादाशी निगडित आहे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे ‘वूट्झ’ पोलाद शतकानुशतके पश्चिम आशियात निर्यात होत असे आणि त्यापासून पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेली पाती बनत. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला पाठविलेल्या नमुन्यांचे परीक्षण करून जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली निबंध प्रसिद्ध केला. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनीही १८२०च्या सुमारास या पोलादावर प्रयोग केले. तथापि एकोणिसाव्या शतकात ही निर्मिती लोप पावली आणि तिची रीतही तिच्यासोबत नाहीशी झाली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आयोवा येथील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि फ्लोरिडातील घोड्यांना नाल ठोकणारे कारागीर अल्फ्रेड पेंड्रे यांनी एकत्र काम करून तशी नक्षी पुन्हा साधली. लहरींच्या मुळाशी व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश आणि पुनःपुन्हा नियंत्रित तापवून केलेली घडाई आहे, असा त्यांचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील मापन आणि ऐरणीवरचा हात या दोहोंची जोड त्यासाठी आवश्यक ठरली.

महाराष्ट्रात विळी, कोयता, खुरपे, सुरी आणि अडकित्ता बनविण्याचे काम लोहार आणि भटके घिसाडी यांनी पिढ्यानपिढ्या केले आहे. रस्त्याकडेला भट्टी मांडून घिसाडी कुटुंबे काम करतात. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि स्त्रिया घण मारतात, हे दृश्य परिचित आहे. वाहनांच्या स्प्रिंगचे जुने पाटे हा त्यांचा आवडता कच्चा माल असतो. पात्याला कडक करण्याच्या क्रियेला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. पोलादाचा रंग पाहून तापमान ओळखणे आणि पात्याची केवळ धारेकडील बाजू पाण्यात बुडवून पाठ चिवट राखणे या गोष्टी पुस्तकावाचून, कामाच्या जागी पाहूनच शिकल्या जातात. हौशी कारागीर ज्या बाबी लिहून व दाखवून एकमेकांना देतात, त्यांपैकी बऱ्याच बाबी येथे तोंडी परंपरेत आहेत. कारखान्यातील स्वस्त अवजारांमुळे पुढची पिढी भट्टीपासून दूर गेली की त्या नोंद न होताच संपण्याचा संभव असतो.

## कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश होतो. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. चाकू बाळगण्याविषयी स्थानिक आदेशही वेळोवेळी लागू होत असल्याने छंद म्हणून पाती बनविणाऱ्याने लांबी, रुंदी आणि उपयोग यांचा विचार आराखडा करतानाच करणे इष्ट ठरते.

## सुरक्षितता

कार्यशाळेतील सर्वांत धोकादायक यंत्र म्हणून चकाकी आणणाऱ्या फिरत्या कापडी चाकाचा उल्लेख केला जातो. त्यात पात्याची कड अडकल्यास ते वेगाने फेकले जाते. पोलाद, लाकूड, शिंग आणि कृत्रिम मुठींची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, त्यामुळे साध्या रुमालाऐवजी योग्य दर्जाचा श्वसन-मुखवटा वापरतात. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घातल्यास विषारी धूर निघतो. तापलेले पाते तेलात अर्धवट बुडविल्यास तेल पेट घेऊ शकते, म्हणून ते पूर्ण बुडवितात आणि तेलाचे भांडे धातूचे व झाकणाचे ठेवतात. पाते कडक होण्यापूर्वीही कडेने कापू शकते, हे लक्षात घेऊन मूठ बसविताना त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सर्वत्र पाळली जाते.